खारी जमीन, कोवळी रोपं आणि मुळांची सोबतीण



मागच्या भादव्यात आमच्या गटाने वांगी, टोमॅटो आणि मिरचीची रोपं ट्रेमध्ये टाकली. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, आणलं. रोपं जोमात यावीत म्हणून त्यात कोंबडीखत मिसळलं, चुलीतली राख मिसळली, आणि आठ दिवसांनी वरून डीएपीचं पाणी दिलं. उगवण चांगली झाली. पण दोन पानांवर आलेली रोपं तिथेच थांबली. पानांच्या कडा करपल्या. पाणी दिलं तरी रोपं दुपारी माना टाकायची. ट्रेच्या काठाला पांढरी पपडी दिसू लागली तेव्हा आम्हाला वाटलं, बुरशी लागली. गटातल्या सगळ्यांत वडील बाईंनी ती पपडी नखाने खरवडली आणि जिभेला लावली. म्हणाल्या, "अगं, हे तर मीठ."

आम्ही हसलो, पण नंतर हसू राहिलं नाही. आपल्या सौंदडच्या शिवारात, चुलबंदच्या खोऱ्यात, खारी जमीन कुणी पाहिलेली नाही. सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तो जमिनीतलं मीठ धुऊन नेतो. अशा मुलखात राहून आम्ही खारट वाफा स्वतःच्या हाताने तयार केला होता. न धुतलेला काथ्या खारट असू शकतो, कोंबडीखतात क्षार असतात, राखेत असतात, डीएपी तर क्षारच आहे. चारही एका वीतभर ट्रेमध्ये भरले. दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता.

त्याच सुमारास "मायकोरायझा"च्या पुड्या विकणारा एक जण आला. म्हणाला, ही चांगली बुरशी आहे, मुळांना लावा, खारटपणा मारते. गटातल्या एकीची बहीण दर्यापूरकडे दिली आहे. तिकडे विहिरीचं पाणीच खारं. तिलाही कुणीतरी हीच पुडी दाखवली होती आणि तिने फोनवर विचारलं, घेऊ का? इकडे गटाच्या बचतीतले पैसे, तिकडे तिच्या परसबागेतली भाजी. आम्ही ठरवलं, आधी माहिती काढू. जे हाती लागलं ते आज सांगतो. गोष्ट पुडीची आहे, पण ती सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जाते.

आधी बुरशी या शब्दाचं बघू. आपल्याला बुरशी म्हटलं की भाकरीवरची, लोणच्यावरची, नाहीतर रोपं मुळाशी कुजवणारी आठवते. म्हणजे वैरीणच. खायच्या सात्या सोडल्या तर बुरशीचं चांगलं आपण कधी बोलत नाही. पण सात्याही बुरशीच, वाळवीच्या सोबतीने वाढणारी. तशीच एक बुरशी झाडाच्या मुळाच्या सोबतीने वाढते. तिची छत्री जमिनीवर कधी येत नाही, ती डोळ्यांनी दिसत नाही, आणि म्हणून तिला कुणी नाव दिलं नाही. स्कॉटलंडमध्ये राइनी नावाच्या गावाजवळ दगड झालेल्या वनस्पती सापडल्या, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या. त्यांना खरी मुळंसुद्धा नव्हती, पण खोडात ही बुरशी होती. म्हणजे मुळं नंतर आली, सोबतीण आधी.

आता मिठाकडे येऊ, कारण आपल्या राज्यात मिठाची गोष्ट बुरशीच्या गोष्टीपेक्षा आधी लिहिली गेली.

१८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर सरकारने पुणे जिल्ह्यात नीरा नदीचं पाणी कालव्याने न्यायचं ठरवलं. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचं पाणी पुरंदर, बारामती, इंदापूरकडे वाहू लागलं. कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला. लोकांनी पाणी पाहिलं नव्हतं, मिळालं तेव्हा ते भरपूर दिलं. काळी जमीन, खाली निचरा कमी. पाणी झिरपत झिरपत साचलं आणि खालची पातळी वर वर येऊ लागली. उन्हाने वरचं पाणी उडून जायचं, त्यातलं मीठ मात्र मातीवरच राहायचं. वीस-पंचवीस वर्षांत चांगल्या जमिनीवर पांढरा थर आला. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांच्याबरोबरचे व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर १९१० मध्ये पुस्तिका लिहिली. जे पाणी दुष्काळातून वाचवायला आणलं, त्याच पाण्याने जमीन मारली, हे तिथे दिसलं. उपाय निघाला तो चर खणण्याचा. साचलेल्या पाण्याला वाट करून द्यायची, वरून गोडं पाणी सोडायचं, म्हणजे मीठ विरघळून खाली जातं आणि चरातून बाहेर पडतं. आज शंभर वर्षांनंतरही मीठ खरोखर बाहेर काढायचा मार्ग तोच आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुडीचा हिशेब करताना ती कामाला येईल.

सौंदडहून वर्ध्याच्याही पलीकडे, आपल्याच विदर्भात, पूर्णा नदीचं खोरं आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर. त्याला खारपाणपट्टा म्हणतात. तिथे कालव्याने काही बिघडवलेलं नाही. गाळाचे खोल थर आहेत आणि त्यांतलं पाणी मुळातच खारं आहे. पावसावरचं पीक येतं, कापूस येतो, मूग येतो, ओल धरून हरभरा येतो. पण दिवाळीनंतर विहिरीच्या पाण्यावर चार वांगी लावू म्हटलं की पंचाईत. आपण मामा तलावाच्या पाळीवर बसून हे ऐकतो तेव्हा खरं वाटत नाही. आपल्या पूर्वजांनी, कोहळी समाजाच्या लोकांनी विशेषतः, तलाव बांधून गोडं पाणी अडवून ठेवलं आणि आपण त्याला गृहीत धरलं. दर्यापूरची बहीण म्हणते, "तुमच्याकडे पाणी जास्त झाल्याची तक्रार, आमच्याकडे असलेलं पाणी पिकाला चालत नाही."

कोकणात तिसरा प्रकार. तिथे समुद्राचं पाणी खाडीतून शेतात शिरतं. बांध घालून, बांधाची राखण गावाने मिळून करून, खार जमिनीत भात पिकवायची रीत तिथे जुनी आहे. १९४८ मध्ये त्यासाठी मुंबई राज्यात खार जमीन कायदा झाला. कोकणातल्या खार जमिनीचा इतिहास बांधांचा आणि कुळांच्या लढ्याचा आहे. तो मोठा विषय, पुन्हा केव्हातरी.

मिठाने रोपाचं नेमकं काय होतं हे आपल्याला पुस्तकाशिवाय कळतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की फोडींना पाणी सुटतं. मीठ पाणी ओढून घेतं. खाऱ्या मातीत मुळाचं तेच होतं. माती ओली दिसते, पण पाणी मिठाच्या ताब्यात असतं. रोप तहानेने मान टाकतं, आणि आपण समजतो पाणी कमी पडलं, म्हणून तेच खारं पाणी आणखी देतो. दुसरं नुकसान हळूहळू होतं. मिठातलं सोडियम हे पोटॅशसारखं वागतं. पोटॅशच्या दारातून ते रोपाच्या आत शिरतं, पण पोटॅशचं काम त्याला येत नाही. पानांच्या कडांना साचतं आणि कडा करपतात. तिसरं म्हणजे अशा बऱ्याच जमिनींत स्फुरद बांधलेलं असतं. असतं पण मिळत नाही. मोठं झाड हे सगळं काही दिवस सोसतं. दोन पानांच्या रोपाकडे सोसायला शिल्लकच नसते, म्हणून पहिला बळी तेच जातं.

आता सोबतिणीची गोष्ट. ती सुरू होते जर्मनीत, आणि गंमत म्हणजे खाण्याच्या हौसेतून. ट्रफल नावाची एक महाग बुरशी झाडांच्या मुळांजवळ जमिनीखाली मिळते. तिची लागवड करता येईल का हे बघायचं काम सरकारने आल्बर्ट फ्रांक नावाच्या शास्त्रज्ञाला दिलं. ट्रफलची लागवड त्यांना जमली नाही. पण झाडांची मुळं बघता बघता त्यांना दिसलं की निरोगी झाडांच्या मुळांवरही बुरशीचं आवरण आहे, आणि झाड आजारी नाही. १८८५ मध्ये त्यांनी त्या जोडीला नाव दिलं, मायकोरायझा. ग्रीक भाषेत मायको म्हणजे बुरशी आणि रायझा म्हणजे मूळ. त्याआधी तीन-चार वर्षं कामिएन्स्की नावाच्या पोलिश शास्त्रज्ञाने एका पांढऱ्या, हिरवेपणा नसलेल्या रोपाबद्दल असंच लिहिलं होतं, की याला बुरशी पोसते. नीरा कालव्याला पाणी सुटलं आणि मुळावरच्या बुरशीला नाव मिळालं, दोन्ही एकाच सुमारास. दोघांची गाठ पडायला मात्र पुढची शंभर वर्षं गेली.

फ्रांकचं बोलणं अनेकांनी मानलं नाही. बुरशी म्हणजे रोग, हेच डोक्यात घट्ट. हा विषय लावून धरणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या, आणि हे सांगताना आम्हाला बरं वाटतं. इंग्लंडच्या मेबल रेनर यांनी १९२७ मध्ये मायकोरायझावर आख्खं पुस्तक लिहिलं. पुढे वेअरहॅम नावाच्या माळरानावर त्यांनी काम केलं. तिथे पाइनची रोपं वर यायचीच नाहीत. कुजलेलं खत दिलं की मुळांवर बुरशीची जोडी जमायची आणि रोपं उठायची.

इथे आपल्या मुलखाचा धागा येतो. इंदूरला १९२४ पासून आल्बर्ट हॉवर्ड काम करत होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून आधी बिहारात पुसा इथे आणि मग इंदूरला वर्षानुवर्षं काम केलं. १९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांच्या नावाने शेतातल्या टाकाऊ वस्तूंपासून खत करण्याचं पुस्तक निघालं. आज आपण जो थराथराचा कंपोस्ट खड्डा भरतो, पालापाचोळा, शेण, माती, पुन्हा पालापाचोळा, त्याला इंदूर पद्धत म्हणतात ती ही. त्या पुस्तकावर वाड हे मराठी नाव आहे हे आम्हाला आत्ता कळलं. परत इंग्लंडला गेल्यावर हॉवर्डनी रेनरबाईंचं काम पाहिलं आणि त्यांना वाटलं, आपण इतकी वर्षं जे पाहत होतो त्याचं कारण हे. चांगलं कुजलेलं खत पिकाला नुसतं खाऊ घालत नाही, मुळावरच्या सोबतिणीलाही जगवतं. त्यांनी हे फार जोराने मांडलं, कधीकधी पुराव्यापेक्षा जास्त जोराने, असं आमचं वाचून मत झालं. पण दिशा चुकली नव्हती.

तोवर जी बुरशी बघितली जात होती ती बहुतेक जंगलातल्या झाडांची, मुळाला बाहेरून मोज्यासारखी गुंडाळणारी. भाजीपाल्याच्या, ज्वारीच्या, तुरीच्या मुळांत दुसरीच असते. ती मुळाच्या आत शिरते आणि पेशीच्या आत इवल्या झुडपासारख्या फांद्या काढते. फ्रान्समधल्या गॅलो यांनी १९०५ मध्ये त्या झुडपांचं वर्णन केलं होतं, पण ही बुरशी वेगळी काढून मुळाला लावून दाखवणं कुणाला जमत नव्हतं. बाटलीत ती वाढत नाही, तिला जिवंत मूळच लागतं. इंग्लंडमध्येच ईस्ट मॉलिंगच्या फळसंशोधन केंद्रात बार्बरा मॉस नावाच्या बाईंनी स्ट्रॉबेरीच्या मुळांवर तिची बीजं शोधली. ते १९५३ साल. पुढे १९५७ मध्ये त्यांनी सफरचंदाच्या रोपांवर दाखवलं की बुरशी लावलेली रोपं न लावलेल्यांपेक्षा चांगली वाढतात. दहा वर्षांच्या आत टोमॅटोवर प्रयोग झाले. त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसली, ती आपण डीएपीच्या पोत्याजवळ लिहून ठेवावी अशी आहे. मातीत स्फुरद कमी असेल तेव्हा बुरशीचा फायदा मोठा. स्फुरद भरपूर ओतलं की झाड बुरशीला विचारत नाही. घरात धान्याचं कोठार भरलेलं असलं की शेजारणीकडे उसनं मागायला कोण जाईल?

कारण हा व्यवहारच आहे, फुकट काही नाही. झाड पानात साखर बनवतं, त्यातला वाटा बुरशीला देतं. शंभरातले दहा-वीस भागसुद्धा जातात असा अंदाज आहे. बदल्यात बुरशी स्फुरद आणते, जस्त आणते, पाणी आणते. तिचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक. मातीच्या ज्या फटीत मूळ शिरू शकत नाही तिथे धागा शिरतो आणि मुळापासून कितीतरी लांब जाऊन आणतो.

बुरशी आणि मीठ यांची गाठ भाजीच्या रोपात पडली ती १९८० मध्ये. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात हिरेल आणि गर्डमन यांनी कांदा आणि ढोबळी मिरची खारवलेल्या मातीत वाढवली, काही बुरशी लावून, काही न लावता. लावलेली चांगली वाढली. मग शंका निघाली, आणि ती योग्य होती. फायदा मिठाविरुद्ध झाला की नुसतं स्फुरद जास्त मिळालं म्हणून? स्पेनमध्ये लेट्यूसच्या भाजीवर हे तपासलं गेलं. एका बाजूला बुरशी, दुसऱ्या बाजूला बुरशीऐवजी जादा स्फुरद. १९९६ मध्ये निघालेलं उत्तर असं, की स्फुरदापलीकडेही काहीतरी मदत होते. इकडे आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी बाभळीवर पाहिलं, तेच आपल्या बांधावरचं बाभूळ. २००७ मध्ये त्यांनी लिहिलं की बुरशी असलेल्या बाभळीच्या मुळात आणि फांदीत सोडियमच्या मानाने पोटॅश जास्त राहतं. म्हणजे जे दार सोडियम अडवून बसतं, तिथे बुरशी पोटॅशची बाजू राखते. शिवाय अशा रोपांत पाणी धरून ठेवणारे पदार्थही अनेकदा जास्त सापडतात.

आमच्या प्रश्नाला सगळ्यांत जवळचं काम जॉर्डन देशातलं. तिथे पाणी थोडं आणि खारं. अल-कराकी नावाच्या शास्त्रज्ञांनी टोमॅटोला बुरशी रोपवाटिकेतच लावली, मग रोपं मातीत लावली आणि खाऱ्या पाण्यावर वाढवली. २००६ मध्ये ते छापून आलं. लावलेल्या रोपांची वाढ आणि उत्पन्न न लावलेल्यांपेक्षा चांगलं आलं. रोपवाटिकेत लावणं हे इथे महत्त्वाचं. बुरशीला मुळात घर करायला काही आठवडे लागतात. रोप खाऱ्या शेतात पोहोचेपर्यंत सोबत जमलेली असली तर उपयोग. आधी खाऱ्यात लावून, करपल्यावर वरून पुडी टाकली तर उशीर झालेला असतो. पानांवर फवारून तर काहीच होत नाही, तिला मूळ शिवावं लागतं.

तर विक्रेता खोटं बोलत होता का? अर्धं. "खारटपणा मारते" हे चूक. बुरशी मीठ मारत नाही, खात नाही, बाहेर काढत नाही. मीठ होतं तेवढंच मातीत राहतं. काढायचं तर नीरेच्या काठावर ठरलं तेच करावं लागतं, गोडं पाणी आणि निचरा, आणि जमीन चोपण झाली असेल तर जिप्सम. बुरशी रोपाला सोसायला मदत करते, तीही मीठ मध्यम असेल तोवर. मीठ फार झालं की बुरशीचं बीजच रुजत नाही.

आणखीही काही गोष्टी पुडीवर लिहिलेल्या नसतात. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी या घराण्याला ही सोबत चालत नाही. पालक, चवळाई, बीट यांनाही बहुधा नाही. त्यांच्यासाठी पैसे घालवू नका. वांगी, टोमॅटो, मिरची, कांदा, भेंडी, काकडी, कारली, चवळी यांना चालते. ट्रेमध्ये कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक ओतत असाल तर चांगली-वाईट असा भेद ते करत नाही. पुडीवर तारीख बघा. ही जिवंत वस्तू आहे, उन्हात दुकानाच्या पत्र्याखाली वर्षभर पडलेली घेऊ नका. सरकारच्या खत नियंत्रण आदेशात मायकोरायझाला दर्जा ठरवून दिलेला आहे. त्यामुळे उत्पादकाचं नाव-गाव, मुदत, जिवंत बीजांचं प्रमाण पुडीवर छापलेलं हवं. आमच्याकडे आलेल्या पुडीवर मुदतच नव्हती. परत केली.

आपल्या धानाच्या बांधीत मात्र एक अडचण आहे. पाणी साचलेल्या चिखलात ही बुरशी कमी राहते, तिला हवा लागते. उन्हाळी धान आणि पावसाळी धान लागोपाठ घेतलेल्या बांधीत भाजी लावली तर सोबतीण फार उरलेली नसते. पण बांधीच्या बांधावर आपण तूर लावतो. सासूने लावली, तिच्या सासूने लावली, डाळीसाठी. तुरीच्या मुळांत ही बुरशी चांगली नांदते. म्हणजे चिखलाच्या कडेला, उंच कोरड्या पट्टीवर, बायका तिची वस्ती राखत आल्या, तिचं नाव माहीत नसताना.

आम्ही दुसऱ्या खेपेला, मार्गशीर्षात, पुडी न घेता रोपं टाकली. कोकोपीट गोड्या पाण्यात तीनदा भिजवून पिळलं. कोंबडीखत, राख आणि डीएपी बंद. चांगलं कुजलेलं शेणखत घेतलं आणि बांधावरच्या तुरीच्या मुळांजवळची माती ओंजळ-ओंजळ मिसळली. रोपं छान आली. गटात लगेच सुरू झालं, बुरशीने काम केलं! पण आमच्यातलीच एक जण, हिशेब लिहिणारी, म्हणाली, "कसं काय? आपण मीठ धुतलं, डीएपी बंद केलं आणि माती घातली, तिन्ही एकाच वेळी. गुण कुणाचा?" ती बरोबर होती. आम्हाला ठाऊक नाही. आमचा स्वतःचा अंदाज असा, की त्या वेळी बरंचसं काम तीन बादल्या पाण्यानेच केलं.

म्हणून आता नीट करून बघतोय. फाल्गुनात सहा कुंड्यांत अर्धी वाळू, अर्धी तुरीच्या मुळांजवळची माती भरली आणि ज्वारी पेरली. ज्वारीच्या मुळांवर बुरशी वाढते. तीन-चार महिने झाले की पाणी तोडायचं, ज्वारी वाळली की वरून कापायची आणि मुळं मातीसकट बारीक करायची. तीच आपली पुडी. माती घेताना एवढं बघितलं, की वांग्या-टोमॅटोच्या मुळांवर जिथे गाठी आल्या होत्या त्या वाफ्याची घ्यायची नाही, नाहीतर सोबतिणीबरोबर सूत्रकृमीही घरात यायचे. येत्या भादव्यात मिरचीचे चार ट्रे करणार आहोत. एकात धुतलेलं कोकोपीट, एकात धुतलेलं आणि कुंडीतली माती, एकात न धुतलेलं, एकात न धुतलेलं आणि कुंडीतली माती. न धुतलेले दोन ट्रे वाया गेले तर जाऊ देत, दोन ट्रेचं बियाणं गटाला परवडतं. हिशेब लिहिणारीने वहीत चार रकाने आखून ठेवलेत.

दर्यापूरच्या बहिणीला आम्ही सांगितलं, पुडीला घाई करू नको. पावसाचं पाणी पत्र्यावरून टाकीत धर आणि रोपं निदान महिनाभर त्या गोड्या पाण्यावर वाढव. रोपवाटिकेच्या मातीत तुरीच्या किंवा बाभळीच्या मुळांजवळची माती घाल. कोबी लावू नकोस, कांदा आणि वांगी लाव. विहिरीचं पाणी कृषी विज्ञान केंद्रात तपासून घे, आकडा कळल्याशिवाय बुरशी चालेल की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. तिने पाण्याची बाटली भरून ठेवली आहे. बाजाराच्या दिवशी देऊन येते म्हणाली.

आमच्या कुंड्यांतली ज्वारी आता कमरेला लागली आहे. परवा एका कुंडीत शेळीने तोंड घातलं, पण मुळं शाबूत आहेत.